पवनचक्कीच्या पात्यातील चीर

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातील पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांसारख्या यंत्रांची पाती भरीव भासत असली, तरी त्यांच्या कवचाचा बराचसा भाग तीन थरांचा असतो: दोन्ही बाजूंस काचतंतू व राळ यांचे पातळ, कठीण पत्रे आणि मध्ये फोमचा किंवा बाल्सा लाकडाचा हलका गाभा. अशा रचनेची तुळई वाकते तेव्हा एक पत्रा ताणला व दुसरा दाबला जातो, तर गाभा त्यांच्यातील अंतर राखून कर्तनबल, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल, पेलतो. पत्रे तेच ठेवून गाभ्याची जाडी दुप्पट केल्यास ताठपणा सुमारे 4 पट होतो. मात्र भार मर्यादेबाहेर गेला की फोममध्ये बहुधा 45 अंशांच्या आसपास तिरकी चीर पडते, ती पत्र्यापाशी पोहोचून सांध्यालगत धावते आणि पत्रा गाभ्यापासून सुटतो. सुटलेला पत्रा दाबाखाली फुगतो व अखेर मोडतो. ही हानी अनेकदा रंगाखाली लपलेली असते, म्हणून तपासनीस लहान हातोडीने पाते ठोकत जातात. जेथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, तेथे थर सुटल्याचा संशय घेऊन वेळीच दुरुस्ती करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.