क्रीटचा उचललेला किनारा

रेडिओ केंद्रावरून निरोप आला तो असा: सुट्टीत भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं असेल तर काय बघावं, कुठल्या किनाऱ्यावर जावं ते सांगा, आणि सर, दगडांवर जास्त बोलू नका. उभा जन्म दगड शिकवण्यात गेलेल्या माणसाला ही अट जरा जाचकच. बघू किती पाळता येते.

बेट निवडलंय क्रीट. ग्रीसला जाणारी आपली मंडळी अथेन्स करतात, मग सांतोरिनीला जाऊन निळ्या घुमटाशेजारी फोटो काढतात आणि परत फिरतात. क्रीट त्याच्याही दक्षिणेला. आपल्या सहलींच्या पत्रकात त्याला जागा मिळालीच तर एक दिवस. एक दिवस! अहो, या बेटाचं क्षेत्रफळ आठ हजार तीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. मधून डोंगरांची रांग, आणि त्यातली सर्वांत उंच शिखरं कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. मे महिन्यात खाली लोक समुद्रात डुंबत असतात आणि मान वर केली की माथ्यावर बर्फ. रत्नागिरी जिल्हा कुणी एका दिवसात ‘करून’ दाखवावा, मग क्रीटचं बोलू.

तर प्रेक्षणीय स्थळं. पहिलं नाव क्नोसोसचं. युरोपातली सर्वांत जुनी नागर संस्कृती या बेटावर नांदली, तिला मिनोअन म्हणतात, आणि क्नोसोस हा तिचा सर्वांत मोठा राजवाडा. १९०० साली आर्थर इव्हान्स या इंग्रजानं तिथं मोठं उत्खनन सुरू केलं. नुसतं खणून तो थांबला नाही. सिमेंट-काँक्रीटनं खांब उभे केले, त्यांना लाल-काळा रंग दिला, मजले चढवले. यावरून आजही वाद घातले जातात. माझं मत विचाराल तर मला ते सिमेंट खटकतं, पण बरोबर मुलं असतील तर त्यांना तिथंच न्या. नुसत्या जोत्यांवरून राजवाडा डोळ्यांपुढं उभा करणं मोठ्यांनाही जमत नाही. एक करा, आधी हेराक्लिओन शहरातलं संग्रहालय बघा आणि मग क्नोसोस. कारण मूळ भित्तिचित्रं, बैलावरून कोलांटी मारणारा तो गडी, हातात साप धरलेली ती देवी, हे सगळं संग्रहालयात आहे. राजवाड्यात आहेत त्या प्रतिकृती. परत सांगतो, आधी संग्रहालय. फैस्तोस या दुसऱ्या मिनोअन राजवाड्यातली चकतीही तिथंच आहे, १९०८ साली सापडलेली, दोन्ही बाजूंना गोल गोल फिरत जाणारी चिन्हं असलेली भाजक्या मातीची चकती. ती अजून कुणाला वाचता आलेली नाही.

आणि हो, हे आपल्या श्रोत्यांना आवडेल. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला जी बैठक झाली, जिथं आपल्या रायगड-राजगडासह बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्याच बैठकीत क्नोसोस आणि फैस्तोस धरून क्रीटमधली सहा मिनोअन स्थळं यादीत आली. एकाच वर्गातले विद्यार्थी म्हणायचे.

आता किनारे. उत्तरेकडचा किनारा वाळूचा, लांबच लांब. हॉटेलं, विमानतळ, मोठी गावं सगळी तिकडं. दक्षिणेला डोंगर सरळ समुद्रात उतरतात, वाळूपेक्षा गोटे जास्त, आणि काही गावांना रस्ताच नाही, बोटीनंच जायचं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र खवळलेला. लाल बावटा लावला असेल तर पाण्यात शिरू नका. गणपतीपुळ्याला पाटी वाचून पुढं जाणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगतो.

पण क्रीटच्या समुद्राची खरी गंमत आपल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी कळते. सकाळी पाणी ज्या दगडापर्यंत होतं, संध्याकाळीही तिथंच. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. वीस मिनिटांपूर्वी जिथं चप्पल ठेवली ती जागा पाण्याखाली गेल्याचा अनुभव तुम्हा सगळ्यांना आहे. भूमध्य समुद्राला बाहेरच्या महासागराकडं जाणारं नैसर्गिक दार फक्त एक, जिब्राल्टरचं, आणि तेही अरुंद. त्यामुळं पाणी वीत-दोन वीत वर-खाली होतं आणि संपलं. लक्षात ठेवा हं, भरती-ओहोटी नाही. हे पुढं लागणार आहे.

क्रीटचे डोंगर बहुतांशी चुनखडीचे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, आणि समुद्रातले बारीक जीवही तिला कुरतडत राहतात. आपल्याकडं भरती-ओहोटीमुळं ही झीज खडकाच्या सगळ्या अंगावर पसरते. तिथं पाण्याची पातळी शतकानुशतकं एकाच ठिकाणी, म्हणून झीजही एकाच ठिकाणी. खडकाला आडवी खाच पडते, सुतारानं पट्टी लावून पाडावी तशी सरळ. बोटीतून किनाऱ्यालगत गेलात की पाण्याच्या कडेला ती दिसेल.

आणि आता पश्चिम क्रीटला चला. तिथं तशीच खाच दिसते, पण पाण्याच्या कडेला नाही. डोक्याच्या वर. तुम्ही वाळूवर उभे आहात, समोर खडक, आणि त्या खडकावर दोन-तीन माणसांच्या उंचीवर ती सरळ आडवी रेघ, मैलोन्मैल. नैर्ऋत्येच्या टोकाशी ती जवळजवळ नऊ मीटर उंचीवर आहे. रेघेच्या खालच्या खडकाजवळ जा. त्यात बोट जाईल एवढाली गोल भोकं दिसतील, एकाशेजारी एक. बोट घालून बघा, आतून भोक गुळगुळीत लागतं. ती एका शिंपल्यातल्या जिवाची घरं. हा जीव चुनखडी पोखरून आत राहतो, आणि राहतो फक्त समुद्राच्या पाण्यात. मग कोरड्या खडकावर, पार तुमच्या डोक्याच्या वरपर्यंत, त्याची घरं कशी?

वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुलं म्हणायची, सर, समुद्र खाली गेला. समुद्र खाली गेला असता तर तो सगळ्या भूमध्यात खाली गेला असता. समुद्र जागच्या जागी आहे. जमीन वर आली.

हे पहिल्यांदा नीट टिपलं ते थॉमस स्प्रॅट या ब्रिटिश नौदलाच्या कप्तानानं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. नकाशासाठी किनारा मोजता मोजता त्याला ही रेघ दिसली. पुढं त्या खडकांतल्या शिंपल्यांचं आणि प्रवाळांचं वय काढलं गेलं आणि धागा जुळला तो २१ जुलै ३६५ या दिवसाशी. त्या दिवशी पूर्व भूमध्यात महाभयंकर भूकंप झाला. क्रीटच्या दक्षिणेला आफ्रिकेकडचा भूपट्ट बेटाखाली घुसतो आहे, आजही घुसतोच आहे. तिथं साठलेला ताण सुटला आणि बेटाचं पश्चिम टोक वर उचललं गेलं. एका झटक्यात, असं बहुतेकांचं मत. एकापेक्षा अधिक भूकंपांत मिळून, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. नऊ मीटर! परत सांगतो, नऊ मीटर, म्हणजे तीन मजली घराएवढं.

त्या दिवशी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात काय झालं ते अम्मियानुस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. समुद्र मागं हटला, तळ उघडा पडला, लोक हातानं मासे वेचायला आत गेले, आणि मग पाणी परत आलं. गलबतं घरांच्या छपरांवर जाऊन बसली. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपण पाहिली आहे, तेव्हाही लोक असेच उघड्या पडलेल्या वाळूवर गेले होते. समुद्र अवेळी मागं हटला तर कॅमेरा घेऊन पुढं जायचं नाही. उंच जागेकडं पळायचं. किनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्या प्रत्येकाला एवढं भूगर्भशास्त्र आलंच पाहिजे.

या सगळ्याचा पुरावा हातानं चाचपायचा तर फालासार्नाला जा. बेटाच्या पश्चिम टोकाला ही मोठी, रुंद, पिवळ्या वाळूची चौपाटी. सूर्यास्त बघायला लोक इथं येतात. येऊ द्या. तुम्ही उत्तरेच्या टोकाकडं चालू लागा. ऑलिव्हच्या बागा मागं पडतात, कच्चा रस्ता लागतो, आणि वाटेत दगडात कोरलेलं एक मोठं आसन दिसतं. ते कुणाचं, कशासाठी, यावर एकमत नाही. पुढं जुन्या शहराचं बंदर. बंदर म्हणजे खरंच बंदर: घडीव दगडांचा धक्का, गोल बुरूज, गलबताचा दोर ओवायला भोक पाडलेले दगड. फक्त पाणी नाही. तळाशी झुडपं आणि कोरडी माती, आणि समुद्र तिथून शंभरेक मीटर पलीकडं, खाली. या बंदराच्या तोंडात रोमनांनी इसवी सनाच्या आधीच दगड टाकून ते बंद केलं होतं, चाच्यांचा उपद्रव म्हणून. उरलेलं काम भूकंपानं केलं. त्या कोरड्या गोदीत उतरून दोर बांधायच्या भोकातून हात फिरवा. दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावर समुद्राशी इतका विचित्र संबंध येणार नाही.

माझी सगळ्या पर्यटकांना एकच विनंती असते: किनाऱ्यावर गेलात की थोडा वेळ समुद्राकडं पाठ करा. सगळे पाण्याकडं तोंड करून बसतात. गोष्ट मागच्या खडकावर लिहिलेली असते.

दगडांवर जास्त बोलू नका म्हणाले होते. असो. आता भराभर.

एलाफोनिसी. गुलाबी वाळूचा म्हणून हा किनारा जगभर गाजलाय. तोही याच उचललेल्या टापूत. घोटाभर-गुडघाभर पाण्यातून चालत समोरच्या लहान बेटावर जाता येतं. गुलाबी रंग येतो तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या समुद्री जीवांच्या लाल कवचांच्या चुऱ्यानं. सगळी वाळू गुलाबी नसते, पाण्याच्या कडेला पट्टे असतात. फोटोतला रंग शोधत गेलात तर हिरमुसाल. आणि ती वाळू घेऊन यायची नाही. तिथं मनाईच आहे. बाटलीभर वाळूनं काय बिघडतं, असं आपण म्हणतो. दिवसाला हजारो माणसं येतात, प्रत्येकानं बाटलीभर नेली तर पुढच्यांसाठी काय, हा हिशेब शाळेतलं पोरही करील. घरी आणून त्या बाटलीवर धूळच बसते.

वायव्येला बालोस, उथळ हिरवट-निळ्या पाण्याचं खाजण. किसामोस गावाहून बोटीनं जावं. पूर्वेच्या टोकाला वाई, साताऱ्याची नव्हे, तिथं युरोपातलं सर्वांत मोठं नैसर्गिक खजुरीचं वन थेट वाळूवर उतरलंय. पूर्वेलाच एलुंदा गावाजवळ ओलूस नावाचं प्राचीन गाव पाण्याखाली आहे. शांत दिवशी भिंतींच्या रेषा वरून दिसतात. पश्चिमेला बंदर पाण्याबाहेर आणि पूर्वेला गाव पाण्यात, एकाच बेटावर. एलुंदाजवळच स्पिनालोंगा, व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला जलदुर्ग. १९०३ ते १९५७ या काळात कुष्ठरोग्यांना तिथं नेऊन ठेवत. तिथं हसत-खिदळत फिरू नये एवढंच म्हणतो.

राहायला हान्या गाव घ्या. व्हेनिसच्या अमलातलं बंदर, दीपगृह, मागं अरुंद गल्ल्या. पश्चिमेचे सगळे किनारे तिथून एकेका दिवसात जाऊन येण्याजोगे. गाडी भाड्यानं घेतलीत तर तिथं उजवीकडून चालवतात, आणि घाटात बकऱ्या रस्त्यावर बसलेल्या असतात. खाण्याची काळजी शाकाहारी मंडळींनी करू नये. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. दाकोस म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज. दोन्ही जवळपास प्रत्येक खानावळीत मिळतं. ठेपल्यांचे डबे इथंच ठेवून जा.

दिवस किती काढावेत? आठ तरी. महिना मे अखेरचा किंवा सप्टेंबरचा; ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत.

एक राहिलंच, समरियाची घळ. वेळ संपत आली, तरी सांगतो. ओमालोसच्या पठारावर सुमारे १२०० मीटर उंचीवरून सुरू होते आणि सोळा किलोमीटर उतरत समुद्रापर्यंत येते. एके ठिकाणी दोन्ही कडे इतके जवळ येतात की मध्ये चारेक मीटरचीच वाट उरते, आणि ते कडे शेकडो मीटर उंच. मे ते ऑक्टोबर एवढेच महिने ती उघडी असते, पावसाचा अंदाज असेल तर तेव्हाही बंद ठेवतात. बूट चांगले हवेत, सपाता चालायच्या नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. सह्याद्रीत फिरलेल्यांना कळेल, चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जड. खाली आग्या रूमेली गाव लागतं. त्या गावाला मोटाररस्ता नाही. परतीची शेवटची बोट संध्याकाळी सुटते, तिची वेळ घळीत शिरण्याआधी विचारून ठेवा. ती चुकली तर मुक्काम तिथंच.