डागाचं निदान आधी, औषध नंतर

छातीच्या शस्त्रक्रियेत आयुष्य घालवणाऱ्या मित्रांनो,

अध्यक्ष या नात्यानं, प्रथेनुसार आढावा घेतो.

१९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी छातीत दुर्बीण घालून पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच वाटेनं, बरगड्या न फाकवता, कॅन्सरग्रस्त फुफ्फुसाचा आख्खा खंड काढणं सुरू झालं. २०१० मध्ये स्पेनच्या गोन्झालेस-रिवास यांनी ते एकाच छेदातून केलं. ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या 'व्हायोलेट' चाचणीत दुर्बिणीनं रुग्ण लवकर सावरतात हे दिसलं. २०२२ मध्ये जपानी चाचणीनं दाखवलं की फुफ्फुसाच्या कडेची, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर नुसता उपखंड काढूनही पाच वर्षांनी ९४.३ टक्के रुग्ण हयात असतात. खंड काढलेल्यांत ९१.१ टक्के. आढावा संपला.

काल दिवसभर या परिषदेत आपण भांडलो: एक छेद की तीन, दुर्बीण की रोबोट? माझं उत्तर ऐका. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याचा वरचा खंड मी तीन छेदांतून काढला. तपासणीला आला तेव्हा त्यानं छेद मोजले नव्हते. पेरणीला उभं राहता येईल का, एवढंच विचारलं. त्या हंगामात तो उभा राहिला. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला.

दुसरा वाद, मध्येच छाती उघडावी लागली तर ती हार का? जुन्या क्षयानं चुनखडीसारख्या झालेल्या लसिकाग्रंथी फुफ्फुसाच्या धमनीला घट्ट चिकटून बसतात. परदेशातल्या व्हिडिओत अशी छाती क्वचितच दिसते, आपल्याकडे ती रोजची आहे. अशा वेळी मी दुर्बीण बाजूला ठेवून छाती उघडली आहे आणि रुग्ण चालत घरी गेले आहेत. यात हार कसली?

पण मित्रहो, हे सगळे वाद दोन सेंटिमीटरच्या गाठीचे आहेत. ती गाठ आपल्या टेबलावर येते किती वेळा? आपल्या देशात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात येतात. कितीतरी वर्षं हे बोलायचं होतं, आज बोलतो.

सातारा भागातल्या एक शिक्षिका, तंबाखूचा स्पर्श नाही. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत छोटा डाग. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, तरी एकेटी, म्हणजे क्षयाचं औषध, सुरू. महिन्यांमागून महिने गोळ्या. माझ्याकडे आल्या त्या पाठदुखी घेऊन. कॅन्सर मणक्यात पोचला होता. पहिला एक्स-रे त्यांनी जपून ठेवला होता. तो मी प्रकाशावर धरला. त्या डागाला आपली दुर्बीण पुरली असती.

क्षय आपल्याला दोनदा नडतो: जुना धमनीला चिकटून, आणि न झालेला, कागदावर लिहिला गेल्यामुळे. क्षयाचा देश आहे म्हणून प्रत्येक डाग क्षय, हे गणित मला मान्य नाही. विडी न ओढणाऱ्या बाईला फुफ्फुसाचा कॅन्सर होत नाही, हेही खोटं आहे. तपासणीसाठी सुई टोचली की कॅन्सर चवताळतो, ही भीती रुग्णांत आहे आणि ती काही डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे. सुईचा धोका थोडा आहे. निदान न होण्याचा धोका जीवघेणा आहे.

फिजिशियन मित्रांना माझं हात जोडून, पण ठणकावून सांगणं आहे. थुंकीत जंतू सापडले तर एकेटी जरूर द्या. नाही सापडले, क्षयजंतूंची जीन-चाचणीही नकारात्मक आली, तर सीटी करा आणि डागाचा तुकडा काढून तपासा. कुठल्याही कारणानं औषध सुरू केलंच असेल, तर दोन महिन्यांनी पुन्हा फोटो काढा. डाग तसाच असेल किंवा वाढला असेल, तर त्याच आठवड्यात रुग्ण आमच्याकडे पाठवा.

जिल्हा रुग्णालयांतल्या अशा डागांची एक सामाईक नोंदवही हवी. ती कोणी ठेवायची, पैसा कुठून आणायचा, हे कार्यकारिणीनं बसून ठरवावं. मी सोबत आहे. छेद एक की तीन हे पुढच्या वर्षीही ठरवता येईल. औषधाची चिठ्ठी मात्र आज दुपारच्या ओपीडीतच लिहिली जाणार आहे, आणि आपल्याला हात घालायचा आहे तो तिथे.