स्तवनाची चाल आणि श्रेयाची वही

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भक्तिमंडळातील युवक-युवतींसाठी योजिलेल्या गीतरचना व ध्वनिमुद्रण शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला ५० वर्षे पूर्ण होत असताना भक्तिमंडळाने स्वतःची स्तवने रचून ती ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प केला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र आरंभीच एका प्रश्नाचा विचार करणे मला अगत्याचे वाटते. आज आपल्या पूजेत आणि भक्तिसंध्येत जी स्तवने गायिली जातात, त्यांतील कित्येकांची चाल चित्रपटगीतांची असते. शब्द भगवंताच्या स्तुतीचे, चाल मात्र दुसऱ्याची. ध्वनिमुद्रण करतानाही आपण हेच करणार काय?

चाल उसनी घेणे ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. मध्ययुगीन जैन साधुकवींनी अनेक रास आणि स्तवने लोकगीतांच्या चालींवर रचली. त्या चालींना ‘देशी’ म्हणत. ज्या गीताची चाल घेतली, त्याचे आरंभीचे शब्द कवी रचनेच्या शिरोभागी नोंदवून ठेवीत. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची मोठी सूची दिली आहे. मूळ गीते लोप पावली तरी त्यांच्या खुणा या नोंदींमुळे टिकल्या. तात्पर्य, उसनवारी होती. पण ती वहीत लिहिलेली होती.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाण्यास मोकळीक दिली आहे. परंतु तीच चाल ध्वनिमुद्रित करून सर्वत्र पाठविणे ही वेगळी बाब होय. तेथे हक्कधारकाची अनुमती लागते आणि रचनाकाराच्या निधनानंतरही ६० वर्षे हा हक्क टिकतो. कायदा बाजूस ठेवला, तरी न दिलेली वस्तू घेऊ नये असे आपले अचौर्याणुव्रत सांगते. कापडाचा तागा न विचारता उचलणे जर चोरी, तर चाल उचलणे वेगळे कसे?

म्हणून स्वतःची चाल बांधावी, हेच श्रेयस्कर. ती कला उपजत नसेल तर शिकता येते. कच्छी जैन कुटुंबातील कल्याणजी-आनंदजी हे किराणा दुकानदाराचे पुत्र. दुकानाची उधारी न फेडू शकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्या बदल्यात त्यांना संगीत शिकविले, असे सांगतात. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतासाठी पुंगीचा तो प्रसिद्ध स्वर कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या वाद्यावर काढला. पुढे त्यांच्याच हाताखाली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी साहाय्यक म्हणून काम केले. दुसऱ्याच्या गीताला हातभार लावता लावताच ही मंडळी घडली.

प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले ते गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी. ते संगीत संयोजकही होते. कोणते वाद्य कोठे वाजेल, दोन अंतऱ्यांच्या मध्ये काय येईल, समूहस्वर केव्हा उठतील, हे संयोजक ठरवितो. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसोझा हे संयोजक होते. अशा गोमंतकीय संयोजकांचे कष्ट लाखो घरांत पोहोचले, पण श्रोत्यांना त्यांची नावे क्वचितच कळली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गीतातून प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव सर्वतोमुखी केले. शिष्याला गुरूचे स्मरण राहिले म्हणून हे घडले; श्रेय असे केवळ योगायोगावर सोडू नये.

आता आपल्या कामाविषयी. आरंभी भक्तामर स्तोत्राचा एखादा श्लोक घ्यावा. वसंततिलका वृत्त, चरणात १४ अक्षरे. शब्दांचे माप आधीच ठरलेले असल्याने लक्ष चालीवर राहते. चौघांनी बसून चार चाली सुचवाव्यात. मतभेद होतील, तेथे अनेकांतवाद केवळ प्रवचनापुरता ठेवू नये, प्रत्येक चाल एकदा पूर्ण गाऊन पाहावी. मग पट्टी, लय, ठेका आणि संयोजन कागदावर उतरवावे. स्टुडिओचे भाडे तासावर असते. तेथे जाऊन विचार करणे परवडत नाही. तेथे प्रथम लयीचा ठोका आणि कच्चा आवाज, नंतर तबला-ढोलक, मग इतर वाद्ये, त्यानंतर मुख्य गायन व समूहस्वर वेगवेगळे घेतले जातात. शेवटी या साऱ्यांचा मेळ घातला जातो. तबल्याखाली शब्द बुडाले तर ते स्तवन उरत नाही.

यासोबत एक वही ठेवावी. शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचे, गायन-वादन व ध्वनिमुद्रण कोणाचे, हे त्याच दिवशी लिहून सर्वांनी सही करावी. अंतऱ्यातील एक ओळ ज्याने सुचविली, त्याचेही नाव त्यात यावे. प्रथम दिवसाचा जमाखर्च चोख असेल, तर पुढे भाऊ भावाशी भांडत नाही, हा पेढीवरचा अनुभव येथेही लागू आहे.

आणखी एक विनंती. आपल्या आजी-काकूंच्या कंठात अशा कित्येक जुन्या चाली आहेत, ज्या कोठेही लिहिलेल्या नाहीत. नवे रचण्यापूर्वी त्या ध्वनिमुद्रित करून घ्या आणि प्रत्येकीखाली गाणाऱ्या श्राविकेचे नाव व तिने ती चाल कोणाकडून घेतली, हे नोंदवा. तो कंठ मिटला की ती देशीही जाईल.