सुटी वायर

आज बचतीचं नाही, वायरीचं बोलणार आहे. हसू नका, त्या वायरीपायी आमच्या 23 गटांची कर्जप्रकरणं एका दुपारी अडकली होती. आणि ती वायर मीच लावली होती.

दिवाळीआधीची झाडलोट चालली होती. कार्यालयात टेबलाखाली नेटची एक वायर लोंबत होती. कोपऱ्यातल्या डब्यात एक जागा रिकामी दिसली, दिली तिथे खोचून. तिचं दुसरं टोक आधीच त्याच डब्यात आहे, हे मी पाहिलंच नाही. थोड्याच वेळात पाचही कॉम्प्युटर ठप्प! डब्यावरचे दिवे मात्र वेड्यासारखे लुकलुकत होते. बँकेकडे फाइली पाठवायचा तो शेवटचा दिवस. दुरुस्तीवाला मुलगा संध्याकाळी आला, त्याने वायर उपटली आणि सगळं सुरू. मला शरम वाटली आणि रागही आला. जादा दोरी बांधली म्हणून वाळत घातलेले कपडे कधी पडतात का?

मग त्याच्याकडून समजून घेतलं. त्या डब्याला स्विच म्हणतात; दिव्याचं बटण नव्हे. कॉम्प्युटर मधूनमधून सगळ्यांना हाक मारतो, 'अमुक पत्ता कुणाचा?' स्विच ती हाक आलेली वाट सोडून बाकी सगळ्या वाटांनी पाठवतो. वायर गोल फिरून आली की हाकही परत येते, आणि तो ती पुन्हा पाठवतो. इतक्या फेऱ्यांनंतर थांब, असं त्या हाकेवर कुठे लिहिलेलं नसतं. जुन्या हाका फिरत राहतात, नव्यांची भर पडते, खऱ्या कामाला वाट उरत नाही.

पण मोठ्या ठिकाणी मुद्दाम दोन-दोन वायरी टाकतात, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. तिथे काय करायचं, याचं उत्तर अमेरिकेत रेडिया पर्लमन या बाईंनी शोधलं. 1985 साली त्यांनी ते मांडलं, तेव्हा त्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होत्या. नाव स्पॅनिंग ट्री. झाडाला फांद्या फुटतात, पण त्या पुन्हा जुळून वेढा होत नाही. (वडाच्या पारंब्या सोडा!) शोधनिबंधात बाईंनी या पद्धतीवर स्वतः केलेली कविताही घातली.

यात सगळे स्विच आधी एक मुख्य निवडतात. प्रत्येक जण 'मीच मुख्य' म्हणत सुरू होतो, स्वतःपेक्षा लहान क्रमांक ऐकला की माघार घेतो. माणसाने वेगळं ठरवून दिलं नसेल, तर क्रमांक कारखान्यातून आलेला. त्यामुळे कधीकधी सगळ्यात जुनाट डबाच अध्यक्ष होतो. आपल्या गटांत असं होतच नाही, नाही का? मग प्रत्येक स्विच मुख्यापर्यंतची जवळची वाट धरतो. उरलेल्या वाटा बंद ठेवतात, काढून टाकत नाहीत. मुख्याचा निरोप दर दोन सेकंदांनी फिरतो. तो यायचा थांबला, की बंद वाट उघडते. जुन्या पद्धतीत याला 30 ते 50 सेकंद लागत, 2001 च्या सुधारित पद्धतीत पुष्कळदा डोळ्याचं पातं लवतं तोवर होतं.

आमच्या स्वस्तातल्या डब्यात ही सोयच नव्हती. सोय असलेला महाग पडतो, तो विषय पुढच्या मासिक बैठकीत आहे. तोवर प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. ठिपक्याची जोडी सापडल्याशिवाय टेबलाखाली कुणी हात घालायचा नाही. मी तर नाहीच.