सामाईक साधन आणि आपली सोय

(मिरजोळे, जिल्हा रत्नागिरी, या परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी व्याख्यानाचा पाठ)



शाळेच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असतो. त्यावर मिरजोळे, नाचणे, कुवारबाव, पावस ही गावे मुलांस ठळकपणे दाखवावीत, असे एखाद्या शिक्षकास वाटते. हे दोन प्रकारे करता येते. नकाशावरच शाईने वर्तुळे काढावीत, हा एक प्रकार. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, हा दुसरा. पहिल्या प्रकारात आजचे काम झटपट होते. परंतु उद्या त्याच नकाशावरून नद्या शिकविणाऱ्या शिक्षकाच्या वाट्यास शाईने भरलेला नकाशा येतो. दुसऱ्या प्रकारात नकाशा सर्वांचा राहतो आणि खुणा ज्याच्या त्याच्यापाशी राहतात. शाळेतील संगणकावर मजकूर लिहिण्याचे जे साधन असते, त्यासही हाच विचार लागू पडतो.

लिहिण्याच्या या साधनात प्रत्येकजण आपापली सोय करून घेतो. कोणी अक्षर मोठे करतो, कोणी नेहमीच्या पत्राचा नमुना साठवितो, कोणी लघुरूपे ठरवितो. यात गैर काहीच नाही. हातास बसलेले साधन काम हलके करते. प्रश्न एवढाच की, ही सोय कोठे ठेवावयाची?

एक उदाहरण घ्यावे. वारंवार ‘रत्नागिरी’ लिहावे लागते म्हणून एका शिक्षकाने आपोआप दुरुस्तीच्या यादीत अशी नोंद केली की, ‘रत्ना’ हा शब्द टंकताच त्याच्या जागी ‘रत्नागिरी’ उमटावे. त्यास ही युक्ती सोयीची झाली. त्याच संगणकावर त्याच खात्यातून दुसऱ्या शिक्षिका शाळा सोडल्याच्या दाखल्याचा मसुदा करावयास बसल्या. मुलाच्या आईचे नाव रत्ना. ते टंकून पुढे मोकळी जागा सोडताच नावाचे गाव झाले. ही चूक लक्षात आली तर ठीक. नाही आली, तर तो दाखला घेऊन मूल पुढच्या शाळेत जाते, आणि एकदा पक्की झालेली नोंद सुधारून घेण्यासाठी पालकांस हेलपाटे घालावे लागतात. येथे दोष साधनाचा नाही आणि युक्तीचाही नाही. एकाची सोय सर्वांच्या जागी ठेवली गेली, हा दोष होय.

ही अडचण जगात पूर्वीच येऊन गेली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या वर्षांत ‘टेको’ नावाचे लेखनसाधन वापरात होते. त्यात ज्याने त्याने आपापले आज्ञासंच रचले. ते इतके निरनिराळे झाले की, एकाच्या मांडणीत दुसऱ्यास साधे लेखनही अवघड होई. १९७६ साली गाय स्टील यांनी हे संच एकत्र आणण्यास प्रारंभ केला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम पुढे तडीस नेले. त्यातून ‘इमॅक्स’ हे साधन सिद्ध झाले. स्टॉलमन यांनी पुढे नव्याने लिहिलेले ‘ग्नू इमॅक्स’ १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्याची व्यवस्था अशी की, मूळ साधन सर्वांस सारखे. आणि प्रत्येकाच्या आवडीनिवडी त्याच्या स्वतःच्या फोल्डरातील एका आरंभ-फाइलीत. साधनाची नवी आवृत्ती आली तरी ती फाइल जागच्या जागी राहते. ती फाइल न वाचता साधन कोरे सुरू करण्याची सोयही त्यात आहे. म्हणजे सर्वांनी एकाच पद्धतीने लिहावे, असा आग्रह तेथे धरला गेला नाही. आवडीनिवडींस त्यांची हक्काची जागा नेमून दिली गेली.

अनेक ठिकाणी वापरले जाणारे ‘लिबरऑफिस’ हे विनामूल्य साधन पाहावे. त्याचा प्रकल्प २०१० साली सुरू झाला. त्यातही मूळ आज्ञावली एका जागी असते आणि वापरणाऱ्याचा स्वतंत्र संच दुसऱ्या जागी असतो. त्या संचात स्वतःचा शब्दकोश, आपोआप दुरुस्तीची यादी, साठविलेले मजकूर आणि पत्रांचे नमुने राहतात. आज्ञावली काढून पुन्हा बसविली तरी हा संच सामान्यतः शाबूत राहतो. परंतु हा संच संगणकावरील खात्यास बांधलेला असतो. सर्व शिक्षक एकच खाते वापरीत असतील, तर सर्वांचा संचही एकच होतो आणि वर सांगितलेली गफलत होते. तसेच कोणी हौसेने मूळ आज्ञावलीच्या फोल्डरातील फाइलींतच फेरफार केले, तर पुढील आवृत्ती बसविताना ते पुसले जाण्याचा संभव असतो. एकत्र ठेवण्याने असा दुहेरी तोटा होतो: दुसऱ्यास अडचण आणि स्वतःचे नुकसान.

वेगळे ठेवण्याचा आणखी एक लाभ आहे. साधन बिघडल्यासारखे वागू लागले, तर दोष साधनात आहे की आपण केलेल्या मांडणीत, हे ओळखता येते. लिबरऑफिसमध्ये २०१७ पासून सुरक्षित रीतीने सुरू करण्याची सोय आहे. तीत वैयक्तिक संच बाजूस राहून साधन तात्पुरत्या कोऱ्या संचावर चालते. तेव्हा दोष दिसेनासा झाला, तर तो आपल्याच मांडणीत शोधावा. संगणक दुरुस्तीस शहरात नेण्याचा खर्च पुष्कळदा याने वाचेल.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. जे साधनाचे नाही, ते सर्वच वैयक्तिक असते असे नव्हे. गावाची, वाड्यांची आणि मुलांच्या आडनावांची शुद्ध रूपे ही शाळेची ठेव होय. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोशात ही नावे नसली की, त्यांखाली तांबडी नागमोडी रेघ येते. आणि नवखा माणूस त्या रेघेवर विश्वासून बरोबर नाव चुकीचे करून ठेवतो. अशा नावांचा शाळेच्या नावाने वेगळा शब्दकोश करावा. तो एका शिक्षकाच्या खासगी कोशात राहिला, तर त्याची बदली होताच शाळेची ठेवही त्याच्याबरोबर जाते. म्हणून साधन, शाळेची ठेव आणि शिक्षकाची सोय या तीन गोष्टी तीन ठिकाणी असाव्यात.

प्रत्यक्ष व्यवहारासाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

(१) संगणकावर प्रत्येक शिक्षकाचे वेगळे खाते असावे.

(२) मूळ आज्ञावलीच्या फोल्डरास कोणी हात लावू नये.

(३) लघुरूप ठरविताना खरा शब्द किंवा माणसाचे नाव वापरू नये.

(४) शाळेचे पत्रनमुने आणि शब्दकोश यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून दप्तरात ठेवावी. संपूर्ण संगणक पुसून नव्याने तयार केला, तर वेगळा ठेवलेला संचही पुसला जातो. तेव्हा बाहेरची प्रतच उपयोगी पडते.

(५) कोणता बदल कधी व कशासाठी केला, याची दोन ओळींची नोंद वहीत करावी.

‘दोन-तीन शिक्षकांच्या शाळेस एवढी दक्षता कशाला?’ अशी शंका कोणी घेईल. परंतु लहान शाळेसच तिची गरज अधिक आहे. तेथे संगणक बहुधा एकच असतो, तो बिघडल्यास दुसरा नसतो. आणि एका शिक्षकाची बदली झाली, तर शाळेच्या माहितीचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. वरील व्यवस्था असेल, तर जाणारा शिक्षक आपली सोय पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या शाळेत सुखाने कामास लागेल; आणि त्याच्या जागी येणाऱ्यास स्वच्छ साधन, शाळेची शुद्ध नावे आणि तयार नमुने हाती मिळतील. रत्ना नावाच्या आईचे नाव दाखल्यावर रत्ना असेच उमटेल. एवढे साधले, तरी या दक्षतेचे सार्थक झाले असे समजावे.