अँड्रॉइड दहा की तेरा?

आम्ही इनामगावच्या बचत गटातल्या बाया आज मोबाइलबद्दल बोलणार आहोत. कंपनी कुठली, कॅमेरा कसा, हे नाही. फोनच्या आत जी यंत्रणा चालते, अँड्रॉइड, तिच्याबद्दल.

घरात नवा फोन आला की तो आधी लेकाच्या नाहीतर मालकांच्या हातात जातो. त्यांचा उतरलेला आपल्याकडं येतो. म्हणून आमच्या गटात दोन तऱ्हेचे फोन निघाले, काहींत अँड्रॉइड १० आणि काहींत १३. आपला कुठला ते बघायला सेटिंग्ज उघडा आणि 'फोनबद्दल' असं लिहिलेलं शोधा. बहुतेक फोनांत ते अगदी खाली असतं. तिथं अँड्रॉइडचा आकडा दिसतो.

१० आलं २०१९ साली आणि १३ आलं २०२२ साली. रंग, बटणं बदलली ते सोडून द्या. खरा फरक परवानगीत आहे. अ‍ॅप विचारतं, कॅमेरा वापरू का, माइक वापरू का? १० मध्ये एकदा 'हो' म्हटलं की आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन काढेपर्यंत ते 'हो'च राहतं. १३ मध्ये तेवढ्या वेळेपुरतंच 'हो' म्हणता येतं. शिवाय कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण काही करत नसताना ती दिसली, तर कुठलं अ‍ॅप आहे ते बघायचं.

आता चोरीचं. योजनेच्या, बँकेच्या, केवायसीच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते, नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती उघडली की बाहेरचं अ‍ॅप फोनमध्ये बसतं आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतं. ती दिली की चोराला आपली स्क्रीन वाचता येते, बटणंही दाबता येतात. १० मध्ये ही परवानगी सरळ देता येते. १३ अशा बाहेरच्या अ‍ॅपला तिथं अडवतं. पण चोर फोनवर गोड बोलून तो अडसरही आपल्याच हातानं काढायला लावतो. आणि ओटीपीचे मेसेज वाचायची परवानगी १३ सुद्धा अडवत नाही. तेव्हा एपीके फाइल कुठल्याच फोनमध्ये उघडायची नाही.

दुसरं म्हणजे, १० साठी गूगलनं २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलंय. भिंतीला उंदरानं बिळं पाडलीत आणि लिंपायला कुणी नाही, अशी गत.

नवं ते सगळं चांगलं असं आम्ही म्हणत नाही. आपल्याच गावात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून खोदकाम केलं, तेव्हा खालच्या, जुन्या थरात मोठी चौकोनी घरं निघाली आणि वरच्या, नंतरच्या थरात लहान गोल झोपड्या! १३ चंही तसंच, कमी रॅमच्या फोनवर ते रखडतं. पण त्यात एक सोय आम्हाला फार आवडली. लेकानं फोन इंग्रजीत ठेवला असला, तरी एकेक अ‍ॅप वेगळं मराठीत करता येतं. अ‍ॅपमध्ये मराठी मात्र असायला हवी.

आमच्या गटानं ठरवलंय, बँकेचं आणि गटाच्या हप्त्यांचं काम १३ च्या फोनवरच. १० च्या फोनवर बोलणं, भजनं, व्हिडिओ. आधी सेटिंग्जमध्ये 'अपडेट' येतंय का बघा. आलं तर चार्जिंग भरपूर ठेवून करून घ्या. येत नसेल तर घरात बोलावं लागेल. खातं आपल्या नावावर, ओटीपी आपल्या नंबरवर, मग घरातला नवा फोन पोराच्या गेमसाठी का? आमच्यातल्या दोघींनी हे बोलून दाखवलं. एकीला फोन मिळाला, दुसरीच्या घरी अजून रुसवा चालू आहे.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. कुणी घरी येईपर्यंत थांबूही नका, लगेच १९३० हा नंबर लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त.