खेळाडूचा रविवार



माझ्यासारख्याला व्यासपीठावर बोलावले म्हणजे किमान वेतन नाही तर कंत्राटी कामगार, हाच विषय निघणार अशी आपली समजूत असेल. आज मी खेळावर बोलणार आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली आणि सातपूरच्या एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो. पुढचे माझे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांनी आणि गेटसभांनी केले. मी खेळाडू नाही. पण माझी मुलगी बॅडमिंटन खेळते, आणि तिच्या खेळाने मला माझ्याच चळवळीचा एक धडा पुन्हा शिकवला. तो आपल्यापुढे ठेवतो.

स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आधी दोरीवरच्या उड्या. मग समोर फूल नसताना नुसते पळणे. जाळीजवळ जायचे, परत मध्यावर यायचे, मागच्या कोपऱ्यात जायचे, पुन्हा मध्यावर यायचे. शटलला आमच्याकडे फूल म्हणतात. बुचात 16 पिसे खोचलेली ही वस्तू साडेपाच ग्रॅमपेक्षा जड असत नाही. प्रशिक्षक अशी फुले एकामागून एक टाकतात आणि तिने एकच फटका शंभर-शंभर वेळा मारायचा. एकेरीत तिच्या वाट्याला 22 फूट लांब आणि 17 फूट रुंद एवढीच जागा येते, पण तेवढ्या जागेत माणूस घामाने निथळतो. त्यानंतर शाळा, आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास सराव. खर्च निराळाच. पिसांच्या चांगल्या फुलांचा एक डबा हजार रुपयांच्या वर जातो, आणि जोराच्या खेळात त्यातले एक फूल एक डावही टिकत नाही.

मी एकदा हिशेब केला. शाळा धरून मुलीचे दहा-अकरा तास भरत होते. कारखान्यात एका जादा तासाचे दुप्पट वेतन मागणारा मी, घरी मात्र अभिमानाने शेजाऱ्यांना तिचे वेळापत्रक सांगत होतो. रविवारी सकाळी हॉल मोकळा असतो म्हणून रविवारीही तिला मीच पाठवत होतो. स्पर्धेपूर्वी चार महिने तिला एकही सुटी नव्हती. एके दिवशी ती म्हणाली, ‘बाबा, खांदा दुखतो.’ मी म्हणालो, ‘थोडे दुखणारच!’ हे वाक्य तीस वर्षे मी मुकादमांच्या तोंडून ऐकत आलो होतो. माझ्या तोंडून निघाले तेव्हा मला ते ओळखू आले नाही. पंधरा दिवसांनी तिला स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टरांनी दोन महिने रॅकेटला हात लावू नकोस म्हणून सांगितले. स्पर्धा हातची गेली. ती माझ्यावर रागावली नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्या दिवसांत मी नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी पुन्हा वाचत होतो. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून लोखंड्यांनी जे निवेदन केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुटी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. पगार वेळेवर हवा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन हवे. रविवारची सुटी पदरात पडायला 1890 सालचा जून उजाडावा लागला. ही सगळी यादी वाचून मी थांबलो आणि माझ्या मनात आले, की यातली प्रत्येक मागणी माझ्या मुलीची आहे, आणि तिने ती कोणाकडे करायची? घरातला मालक तर मीच!

विसावा म्हणजे आळस, असे मालकाला वाटते आणि बापालाही वाटते. शरीराचे शास्त्र उलटे सांगते. श्रमाने स्नायू थकतो, बारीक बारीक इजा होतात. त्या भरून येतात आणि स्नायू बळकट होतो तो झोपेत आणि सुटीत. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात. म्हणून अशा मुलांना आठवड्यातून निदान एक दिवस खेळापासून पूर्ण मोकळीक द्यावी, असे डॉक्टर सांगतात. सुटी हा सरावाचाच एक भाग आहे.

कोणी विचारील, मग आपल्या जिल्ह्यातला दत्तू भोकनळ? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेरी शर्यतीत तो थकून कोसळला, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत बसून त्याने सुवर्णपदक मिळवले. खरे आहे, आणि त्याला माझा सलाम आहे. पण दत्तू तेव्हा जाणता सैनिक होता; त्याच्या मागे पगार होता, डॉक्टर होता, अख्खे पथक होते. विहिरी खणणाऱ्या घरातल्या या मुलाच्या हाती वल्हे आले ते सैन्यात भरती झाल्यानंतर. आधी भाकरीची सोय झाली, मग पदक आले. सावरपाड्याची कविता राऊत 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगलीचे नंदू नाटेकर 1956 साली परदेशात अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, हेही आपण अभिमानाने सांगतो. टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण पदक येण्यापूर्वीच्या दहा वर्षांत त्या पोराच्या दुधाचे, बुटांचे आणि दुखण्याचे पैसे कोण भरतो, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. तो एका घराचा खाजगी प्रश्न राहतो, आणि ज्या घराला पेलत नाही त्या घरातले मूल खेळ सोडते.

संघटनेच्या माणसाने नुसते गाऱ्हाणे मांडून बसू नये. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, हॉलची. प्रकाश पदुकोण बंगळूरला घडले ते लग्नाच्या हॉलमध्ये सराव करून. नाशकात मंगल कार्यालये थोडी नाहीत, आणि तिथी नसते तेव्हा ती कुलूपबंद असतात. ज्यांचे छत पुरेसे उंच असेल त्यांनी पहाटेचे दोन तास मुलांना द्यावेत. दुसरी, कामगार वसाहतींतल्या मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून थोडा भाग काढून फुलांचा आणि दुखापतीचा निधी उभारावा; जखमी मुलावर उपचार व्हावेत आणि तो बरा होईपर्यंत संघातली त्याची जागा राखली जावी. तिसरीला पैसा लागत नाही. आठवड्यातला एक दिवस रॅकेट खुंटीला राहील, असे प्रत्येक आईबापाने ठरवावे.

माझी मुलगी आता सहा दिवस खेळते. परवाच्या स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. मला हळहळ वाटली. मी काही साधू नाही. पण रविवारी सकाळी आठ वाजले तरी ती झोपलेली होती, आणि मी तिला उठवले नाही. मुकादमाला एवढे जमायला चौदा वर्षे लागली, तुम्हाला तेवढी लागू नयेत एवढ्यासाठीच आज उभा राहिलो.